वहीतले नंबर

आयझॅक थ्वेटच्या बेचाळीस मेंढ्या गेल्या
त्या रात्री मी जागीच होते.
तीस वर्षं पहाटे उठून या दरीत टपाल वाटलं,
टपाल सुटलं, झोप काही परत आली नाही.
ट्रकचा आवाज मी ऐकला होता.
म्हटलं, असेल कुणी.
कूस बदलली.

हे आयझॅकला सांगायला मला नऊ दिवस लागले.

त्याने फोन केला,
तो उचलला ऐंशी मैलांवरच्या शहरात.
गोड आवाजाची मुलगी. रस्त्याचं नाव? घर क्रमांक?
आयझॅक म्हणाला, ओढा ओलांडला की
जिथं ओकचं झाड होतं, तिथून डावीकडे.
मुलगी म्हणाली, होतं?

आमची चौकी विकून सहा वर्षं झाली.
आता तिथं केक मिळतो. बरा असतो.
कोठडीत दोघांपुरतं टेबल,
खिडकीचे गज तसेच. लोक फोटो काढतात.

हवालदार रोवेना मॉसप आली तिसऱ्या दिवशी.
चार दऱ्यांना एक गाडी, तीही गॅरेजात;
आली बहिणीच्या मोटारीतून,
मागच्या सीटवर बाळाची खुर्ची.
चाकांचे ठसे तोवर पावसानं पुसले होते.
आयझॅकनं चहा दिला. शब्द दिला नाही.

विमा मिळेल, ती म्हणाली.
तेव्हा मात्र तो बोलला:
पैशानं मेंढ्या येतील, पोरी.
ह्यांना कुंपण नव्हतं.
कुठवर आपलं, कुठून परकं,
हे आईनं कोकराला चालून दाखवलेलं,
तिला तिच्या आईनं.
बाजारातली मेंढी या डोंगरावर सोड,
दिवस मावळेतो ती पलीकडच्या दरीत.

रोवेना लिहिता लिहिता थांबली.
पोलिसाचंही तेच आहे, म्हणाली.

चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली.
खुर्च्या कमी, संशय भरपूर.
कुणीतरी विचारलं,
थ्वेटचा कुत्रा बहिरा झालाय
हे चोराला कसं ठाऊक?
मग बराच वेळ
फक्त हीटरचा आवाज.

मी साठ पत्रं लिहिली. पत्त्यांची मला सवय.
पैसे आले. थोडे, आणि उशिरा.
चिखलात न रुतणारी गाडी,
अंधारात अंगाची ऊब ओळखणारा ड्रोन,
आणि रोवेनाची बदली टळली,
यासाठी भांडावं लागलं सगळ्यात जास्त.
मला तिनं एक वही दिली.
तुम्ही जाग्या असताच, म्हणाली.

मार्चमध्ये, पावणेतीनला,
दिवे मालवलेली पांढरी व्हॅन.
नंबर लिहिला. हात कापत होता, सात आकडा एकसारखा दिसतो.
फोन केला. तिनं रस्त्याचं नाव विचारलं नाही.
मी म्हटलं, ओक.
ती म्हणाली, निघाले.
आयझॅकनं पुलावर ट्रॅक्टर आडवा घातला,
अंगावर पायजमा, डोक्यावर टोपी.
अकरा मिनिटांत निळा दिवा
दगडी गडग्यांवरून धावत आला.

व्हॅनमध्ये दोन अनोळखी.
आणि एल्विन ग्रेव्ह.
दर उन्हाळ्यात थ्वेटकडे लोकर कातरणारा.
बहिऱ्या कुत्र्याला डॉक्टरकडे त्यानंच नेलं होतं.

आयझॅक काही बोलला नाही.
ट्रॅक्टरचा दिवा तेवढा बंद केला,
पोराचं तोंड दिसू नये म्हणून.

अकरा मेंढ्या परत मिळाल्या, कानांचे बिल्ले कापलेल्या.
वसंतात फाटक उघडलं.
जुन्या डोंगरबोलीत त्यानं मोजल्या,
यान, टान, टेथेरा,
आणि त्या गेल्या सरळ वर, आपापल्या जागी.
तो बेचाळीसपर्यंत मोजत राहिला.

एल्विनची आई दुकानात मला ओळख देत नाही.
तिच्या गाडीचा नंबरही आहे माझ्या वहीत.
खोडलाय.
तरी वाचता येतो.